किल्केनीची ॲशची हर्ली: दोन हंगामांच्या वापरानंतर

ज्या हर्लीचे, म्हणजे हर्लिंग या आयरिश खेळाच्या काठीचे, हे परीक्षण आहे ती या क्षणी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड, केरसुणीच्या शेजारी उभी आहे. लांबी २८ इंच, मुठीवर निळी टेप, पात्याच्या टोकाला ठोकलेली पत्र्याची पट्टी, आणि त्या पट्टीखालून निघालेली एक बारीक चीर, जी मागच्या शनिवारपर्यंत नव्हती. माझा अकरा वर्षांचा मुलगा दोन हंगाम हिच्यावर खेळला. हिच्या आधी-नंतर घरात आणखी तीन काठ्या आल्या, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते एकाच काठीच्या प्रेमात पडून लिहिलेले नाही. आयर्लंडमध्ये राहायला आलेल्या मराठी कुटुंबांतील मुले शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या महिन्यातच ‘मला हर्ली पाहिजे’ म्हणून मागे लागतात, आणि आईबाप तिला हॉकीची स्टिक समजून कुठल्या तरी संकेतस्थळावरून काहीतरी मागवून मोकळे होतात. आम्हीही तसेच झालो होतो. तेवढी चूक इतरांची टळावी, इतकाच या लेखनाचा हेतू आहे.

ज्यांनी हर्लिंग पाहिलेले नाही त्यांच्यासाठी खेळ आधी थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय काठीची पारख कळणार नाही. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू, १३० ते १४५ मीटर लांबीचे मैदान आणि दोन्ही टोकांना इंग्रजी एच अक्षरासारखे खांब असतात. चेंडू आडव्या दांडीखालून गेला तर गोल, म्हणजे तीन गुण, आणि दांडीवरून गेला तर एक गुण. म्हणूनच गुणफलकावर ३-२७ असा आकडा दिसतो. त्याचा अर्थ तीन गोल आणि सत्तावीस गुण, एकूण ३६. चेंडूला श्लिटर म्हणतात. आत बुचाचा गाभा, वरून चामड्याचे दोन तुकडे आणि त्यांची बोटाला लागेल अशी उठावदार शिवण, वजन ११० ते १२० ग्रॅम. जमिनीवर पडलेला चेंडू हाताने उचलता येत नाही, तो पात्याने उचलूनच हातात घ्यावा लागतो. हातात घेतला तर चार पावलांपलीकडे नेता येत नाही, आणि त्यापुढे पळायचे असेल तर तो पात्यावर तोलत पळावे लागते, तेही दोघे-तिघे काठ्या परजून अंगावर येत असताना. मला विचाराल तर हे हॉकीपेक्षा विटी-दांडूच्या जवळचे आहे. विटी उडवून ती हवेत असतानाच टोला हाणण्याचा जो एक क्षण आपल्या खेळात येतो, तो इथे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, मोठ्या सामन्यात सत्तर मिनिटे चालू असतो, आणि समोरचा गडी तुमच्या दांडूला दांडू भिडवायला मोकळा असतो.

काठीच्या नावावरून इथे प्रामाणिक मतभेद आहेत. कॉर्ककडचे लोक तिला ‘हर्ली’ म्हणतात, किल्केनीत ‘हर्ल’ म्हणतात, आणि मी हा शब्द कॉर्कच्या एका सहकाऱ्याकडून शिकलो असल्यामुळे गेली सात वर्षे किल्केनीत राहूनही माझ्या तोंडी हर्लीच बसली आहे. त्यावरून मला अजून हसतात. आयरिश भाषेत ती ‘कमान’, कारण ‘कॅम’ म्हणजे वाकडे. आपल्या कमानीशी तिचे नाते जोडण्याचा मोह मी आवरतो, पण घरात आम्ही तिला कमान म्हणू लागलो आहोत हेही खरे. टोकाच्या रुंद, चपट्या भागाला आयरिशमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ तळहात असा होतो. मी त्याला पाते म्हणतो.

ही हर्ली आम्ही किल्केनी काउंटीच्या दक्षिण भागातील एका कारागिराकडून घेतली. दुकान म्हणावे असे तिथे काही नाही. घरामागे पत्र्याची शेड, दारात ढलप्यांचा ढीग, आणि आत छतापर्यंत रचलेल्या फळ्यांच्या थप्प्या. वारा खेळावा म्हणून प्रत्येक दोन फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या घातलेल्या. भुशाचा वास कपड्यांना संध्याकाळपर्यंत येत राहिला. साठीच्या पुढच्या त्या गृहस्थांनी आम्हाला एकही काठी न दाखवता आधी मुलाला सरळ उभे केले, हात सैल सोडायला सांगितले आणि जमिनीपासून मनगटाच्या हाडापर्यंतचे अंतर फुटपट्टीने मोजले. माप २८ इंच निघाले. मी आपल्या सवयीने म्हणालो, ‘३० इंचाची द्या, मुलगा वाढत्या अंगाचा आहे.’ त्यांनी मान हलवली. ‘शर्ट मोठा घेतला तर बाह्या दुमडता येतात,’ ते म्हणाले, ‘हिच्या बाह्या कशा दुमडणार तुम्ही?’ लांब काठीने मूल उशिरा पोहोचते, वाकून मारण्याऐवजी बाजूने ओढायला शिकते, आणि एकदा जडलेली ती खोड पुढे सुटत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मोठे खेळाडूही आता पूर्वीच्या पिढीपेक्षा आखूड काठ्या आणि रुंद पाती वापरतात, हेही त्यांनीच सांगितले. पात्याची रुंदी नियमाने १३ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. सूट आहे ती फक्त गोलरक्षकाला.

त्यानंतर त्यांनी मुलाच्या हातात एक काठी दिली आणि पकड पाहून जोरात हसले. आमच्या चिरंजीवांनी ती बॅटसारखी धरली होती, डावा हात वर आणि उजवा खाली. हर्लिंगमध्ये उजव्या हाताच्या माणसाने उजवा हातच वर, मुठीच्या टोकाला ठेवायचा असतो. एका हाताने काठी पुढे करून चेंडू अडवायचा तर तो जोरकस हातच असावा लागतो. क्रिकेटवर वाढलेल्या मुलांच्या आईबापांनी ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात ठेवावी, कारण ती नंतर सुधारायला आम्हाला अख्खा उन्हाळा लागला. ‘पूर्वी क्रिकेट खेळल्याबद्दल आम्ही माणसाला संघटनेतून काढून टाकत होतो,’ असे ते म्हणाले तेव्हा मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. हा खेळ चालविणाऱ्या गेलिक ॲथलेटिक असोसिएशनने क्रिकेट, रग्बी, फुटबॉल, हॉकी असे ‘परदेशी’ खेळ खेळणाऱ्या सभासदांवर १९७१ पर्यंत बंदी घातलेली होती. १८८४ साली टिपररी काउंटीतील थर्लस गावच्या एका हॉटेलात ही संघटना जन्मली तेव्हा देशावर इंग्रजांचे राज्य होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बंदीतला राग आपल्याला समजायला फारसा जड जात नाही.

मग आली लाकडाची पारख, आणि या परीक्षणाचा गाभा तोच आहे. हर्ली ॲश नावाच्या झाडाची असते. हे लाकूड चिवट आणि लवचिक, धक्का पिऊन टाकणारे. पण सगळे झाड कामाचे नसते. जमिनीलगतचा सुमारे सव्वा मीटर बुंधाच वापरतात, कारण तिथे खोड मुळांकडे वळते आणि त्याबरोबर लाकडाच्या रेषाही वळतात. काठी या वळणातून काढली की मुठीकडून आलेली रेष पात्यापाशी आपसूक वाकून टोकापर्यंत जाते. सरळ फळी घेऊन तिला नुसता हर्लीचा आकार दिला, तर रेषा पात्याच्या आरपार जातात आणि पहिल्या जोरदार टकरीला पाते त्याच रेषेवर फाकते. त्या गृहस्थांनी खिडकीच्या उजेडात काठी तिरकी धरून मुलाला बोट फिरवायला सांगितले. ‘नदी पाहा,’ म्हणाले, ‘वळणाबरोबर वळते आहे ना?’ पाते रंध्याने, कानशीने आणि शेवटी काचकागदाने हाताला लागेनासे होईपर्यंत घासलेले होते. त्यावर पत्र्याची पट्टी गुंडाळून बारीक खिळ्यांनी ठोकली, खिळ्यांची टोके दुसऱ्या बाजूने बसवून टाकली, मूठ टेपने बांधली आणि पंचवीस युरो घेतले. पावती मागितली नाही, त्यांनीही दिली नाही.

आता त्या आधीच्या चुकीबद्दल. आमची पहिली हर्ली एका संकेतस्थळावरून आली होती. नाव घेत नाही. छायाचित्रात ती सुंदर होती, हातातही वाईट नव्हती, आणि तिसऱ्या सरावाला पात्याच्या मानेपाशी काटकी मोडावी तशी मोडली. मोडलेला भाग पाहिला तर रेषा कुऱ्हाडीने छेदल्यासारख्या आडव्या कापल्या गेल्या होत्या. तक्रारीला नऊ दिवसांनी उत्तर आले की लाकूड ही नैसर्गिक वस्तू असल्यामुळे तिची हमी देता येत नाही. पैसे गेले ते गेलेच. इथे न्यायाने एवढे म्हणायला हवे की मोडणे हा हर्लीचा दोष नसून तिचा स्वभाव आहे, उत्तम कारागिराची काठीही मोडते. पण मोडण्यामोडण्यात फरक असतो. चांगली काठी आधी सूचना देते. चेंडू लागल्याचा टणत्कार बदलतो, पोकळ होतो, मुले तो ऐकून काठी बदलतात. ती पहिली काठी मात्र काहीही न बोलता गेली.

काठ्या इतक्या मोडतात की हर्ली पुरविणारा माणूस सामन्यात मैदानाच्या कडेला नेमलेलाच असतो. आमच्या गावच्या क्लबच्या बारा वर्षांखालील संघात हे पद गेल्या वर्षी माझ्याकडे आले, बहुधा मला खेळातले दुसरे काही येत नाही म्हणून. पंधरा-वीस काठ्या कुंपणाला टेकवून ठेवायच्या, कोणती कोणाची हे पाठ करायचे आणि हाक आली की पळत जाऊन द्यायची. काम सोपे वाटते. मेच्या एका रविवारी मी एका मुलाला चुकून दुसऱ्याची काठी दिली. ती अर्धा इंच लांब होती. त्याने ती हातात तोलली, माझ्याकडे पाहिले आणि खेळ चालू असतानाच ती परत देऊन स्वतःची येईपर्यंत उभा राहिला. तेवढ्यात आमच्यावर गोल झाला. कोणी मला काही बोलले नाही. उलट त्याच्या आईने सामन्यानंतर चहा आणून दिला आणि ‘त्याची टेप हिरवी आहे’ एवढेच सांगितले. सुदैवाने या वयोगटाच्या सामन्यांत चषक नसतात आणि प्रत्येक मुलाला खेळायला मिळालेच पाहिजे असा नियम असतो. अव्वल दर्जाचे खेळाडूही काठीबाबत असेच हळवे असतात: एकाच कारागिराकडून, एकाच साच्याच्या, एकाच वजनाच्या काठ्या करून घेतात आणि वर्षानुवर्षे त्याला सोडत नाहीत.

वापराबद्दल. दोन हंगामांत या काठीने सुमारे शंभर सराव, वीसेक सामने आणि आमच्या मागच्या भिंतीवरचे असंख्य टोले सोसले. पात्याची पट्टी दोनदा बदलली. प्रत्येक वेळी कारागिराने उभ्या-उभ्या, चार-पाच युरोत बदलून दिली. बॅटला तेल पाजतात तसे आम्ही हिला हिवाळ्यात दोनदा जवसाचे तेल पाजले. रेडिएटरजवळ किंवा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवली तर लाकूड कोरडे पडून ठिसूळ होते, म्हणून स्वयंपाकघरातले दार हीच तिची जागा ठरली. चेंडू पात्याच्या मधोमध लागला की हाताला जे जाणवते ते मी स्वतः भिंतीवर मारून पाहिले आहे: हादरा मनगटाच्या अलीकडेच विरतो आणि चेंडू आपल्या जोरापेक्षा जास्त लांब जातो. प्लास्टिकच्या काठीत हे सुख नाही. ती आम्ही पावसाळी दिवसांसाठी घेतली, म्हणजे इथे जवळपास सगळ्याच दिवसांसाठी. ती मोडत नाही, तेल मागत नाही, पण थंडीत टोला मारला की बोटे झिणझिणतात. अगदी लहान मुलांना ती ठीक आहे. यापलीकडे तिच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

बांबूच्या काठीबद्दल मात्र लिहावे लागेल, कारण ॲशच्या काठीचे भवितव्य तिच्याशी बांधलेले आहे. २०१२ साली आयर्लंडमध्ये लिट्रिम काउंटीत ॲशच्या झाडांवर एक बुरशीजन्य रोग पहिल्यांदा सापडला; तो बाहेरून आणलेल्या रोपांबरोबर आला होता. आज आमच्या रस्त्याने जुलैत गाडीने निघालो तरी कुंपणातल्या हिरव्यागार रांगेत शेंड्याकडून वाळत आलेली, बोटे पसरल्यासारख्या उघड्या फांद्यांची झाडे मध्येमध्ये दिसतात. ती सगळी ॲश. हर्लीच्या जाडीचा बुंधा व्हायला झाडाला २५ ते ३० वर्षे लागतात, त्यामुळे आज रोप लावले आणि ते जगले तरी त्याची काठी माझ्या मुलाच्या मुलांच्या हातात जाणार. कारागीर बऱ्याच काळापासून युरोपातील इतर देशांतूनही फळ्या आणतात, पण रोग तिथेही आहेच. अशा वेळी बांबूच्या पट्ट्या चिकटवून, दाबून केलेल्या हर्ली बाजारात आल्या, आणि आता काउंटीच्या संघांतले खेळाडूही त्या वापरताना दिसतात.

आमच्या बांबूच्या काठीला ॲशच्या दुपटीहून अधिक पैसे पडले. माझे वडील गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून आले होते. त्यांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाले, ‘सुपापासून तिरडीपर्यंत सगळीकडे बांबू पाहिला होता, हे एक राहिले होते.’ काठी निर्दोष आहे. गाठ नाही, रेषेची भानगड नाही, एकीसारखी दुसरी हुबेहूब मिळते, आणि वर्ष होत आले तरी तिला चीर नाही. मुलाला पहिले दोन आठवडे आवाज खटकला. ॲशचा टणत्कार मोकळा असतो, हिचा थोडा दबका. तिसऱ्या आठवड्यात त्याने तक्रार सोडली. तरीही सामन्याच्या दिवशी त्याचा हात ॲशकडेच जातो, आणि का असे विचारले तर त्याला सांगता येत नाही. मला वाटते, कारण साधे आहे: तिच्या पात्यावर कोणत्या सामन्यात कोणता ओरखडा पडला हे त्याला पाठ आहे. पण मी पैसे मोजणारा बाप म्हणून सांगतो की मूल बारा-तेरा वर्षांचे होऊन उंची जरा स्थिरावली, की बांबूची काठी वर्षाच्या हिशेबात स्वस्त पडेल.

काठी घेताना आपण आणखी काय घेतो, हेही सांगायला हवे, कारण आम्हाला ते कोणी सांगितले नव्हते. हर्ली हातात आली की मूल गावच्या क्लबचे होते, आणि त्याच्यामागून आईबापही. इथला क्लब म्हणजे गाव, चर्चच्या हद्दीने आखलेले. मनाला येईल तो क्लब निवडण्याची पद्धत नाही, राहता तो तुमचा. वडिलांना हे समजावून सांगावे लागले नाही. ज्या माणसाने आयुष्यभर शाहू स्टेडियममध्ये तालमीच्या फुटबॉल संघासाठी घसा फोडला, त्याला पेठ आणि खेळ यांचे नाते कोणी शिकवावे? याच काउंटीतले बॅलीहेल हे छोटेसे गाव. त्याच्या क्लबने अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद २०२३ पर्यंत नऊ वेळा जिंकले, आणि दहा अखिल आयर्लंड पदके मिळविणारा हेन्री शेफलिन तिथलाच. या खेळाडूंना मानधन नाही. ऐंशी हजारांवर प्रेक्षक बसणाऱ्या डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये रविवारी अंतिम सामना खेळलेला माणूस त्याच आठवड्यात आपल्या नोकरीवर हजर असतो. किल्केनीला प्रशिक्षक म्हणून अकरा अजिंक्यपदे मिळवून देणारे ब्रायन कोडी प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. म्हणून शेडमधल्या कारागिराकडे आमच्या पुढे उभा असलेला तरुण काउंटीच्या संघातला आहे हे आम्हाला तो गेल्यावर कळले. त्याने रांग मोडली नव्हती, आणि त्याच्यासाठी कोणी मोडूही दिली नसती.

चाहत्यांबद्दल माझे निरीक्षण थोडे वेगळे आहे. निष्ठा कडवी, पण बसणे एकत्र. नोलन पार्क या इथल्या मैदानात किल्केनीच्या काळ्या-पिवळ्या टोप्यांच्या मधोमध विरुद्ध काउंटीचा झेंडा घेतलेले कुटुंब बसलेले असते, दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना वेगळे करणारे कुंपण नसते, आणि शेजारचे म्हातारे गृहस्थ त्या कुटुंबाच्या मुलाला आपल्या पिशवीतले सँडविच देत असतात. क्लेअर काउंटीचे झेंडे भगवे आणि निळे. वडिलांनी ते दुरून पाहिले आणि क्षणभर त्यांची मान ताठ झाली. सामना संपला की लहान मुले काठ्या घेऊन गवतावर उतरतात, आणि सही मागताना वही पुढे न करता हर्लीचे पाते पुढे करतात. आमच्या काठीवरही अशी एक सही होती. जवसाच्या तेलाने ती पुसली गेली, हा दोष कारागिराचा नव्हे, माझा.

काउंटी संघांच्या अखिल आयर्लंड अजिंक्यपदाचा २० जुलै २०२५ चा अंतिम सामना आम्ही शेजाऱ्यांच्या घरी पाहिला. उपांत्य फेरीत टिपररीने किल्केनीला दोन गुणांनी हरविलेले असल्यामुळे घरातली सहानुभूती कॉर्ककडे होती. कॉर्कने चषक शेवटचा जिंकला तो २००५ साली, आणि मध्यंतराला ते सहा गुणांनी पुढे होते. उत्तरार्धात त्यांना अवघे दोन गुण मिळाले. टिपररीने तेवढ्या वेळात तीन गोल आणि चौदा गुण केले. अंतिम गुणसंख्या ३-२७ विरुद्ध १-१८. माझा कॉर्कचा तो सहकारी सोमवारी लाल जर्सी घालून कामावर आला, दिवसभर खेळाबद्दल एक शब्द बोलला नाही, आणि संध्याकाळी जाताना म्हणाला, ‘पुढच्या वर्षी.’ हे वाक्य तो मी त्याला ओळखतो तेव्हापासून म्हणतो आहे. २००५ च्या त्या कॉर्क संघाचा कर्णधार शॉन ओग ओ हॅल्पिन हा फिजीत जन्मलेला, आई तिकडची, आणि त्याने चषक स्वीकारताना भाषण आयरिश भाषेत केले होते. आमच्या मुलाला ही गोष्ट त्याच्या प्रशिक्षकांनी सांगितली, कोणत्या प्रसंगी ते मी विचारले नाही. पण त्या आठवड्यानंतर त्याने आपले आडनाव हेल्मेटवर स्वतःच्या हाताने, देवनागरीत लिहिले. हेल्मेटवरून आठवले: तोंडावरच्या जाळीसह हेल्मेट २०१० पासून सर्वांना सक्तीचे आहे. काठी शेडमधून घ्या, पण हेल्मेट प्रमाणित आणि नवेच घ्या. तिथे कोणाचे जुने वापरू नका. बोटे मात्र उघडीच राहतात आणि ती फुटतात. आमच्याकडे एक करंगळी जायबंदी होऊन बरी झाली आहे.

दोषही सांगतो. ॲशच्या कोणत्याही दोन काठ्या सारख्या नसतात. आवडलेली काठी मोडली की तशीच दुसरी मिळेल याची खात्री कारागीरही देत नाही. शेड गावापासून लांब आहे, वेळ ठरलेली नाही, आणि एप्रिलमध्ये, म्हणजे हंगामाच्या तोंडावर, दीड तास थांबावे लागते. मुलांच्या मापाची काठी दीड-दोन वर्षांत आखूड पडते. आणि ज्या घरात मागे भिंत नाही, फक्त शेजाऱ्यांच्या खिडक्या आहेत, त्या घरात ही वस्तू आणू नये. एवढे सोडले तर पंचवीस युरोत याहून जास्त वापरली गेलेली, याहून जास्त भांडणे मिटविलेली आणि याहून जास्त मित्र मिळवून देणारी दुसरी वस्तू आमच्या घरात नाही. पाचपैकी मी हिला साडेचार देईन. अर्धा कापला तो वाट पाहायला लागल्याबद्दल.

काल संध्याकाळी चीर दाखवायला आम्ही शेडवर गेलो होतो. कारागिराने पाते अंगठ्याने दाबून पाहिले, कानाजवळ नेऊन टिचकी मारली आणि मुलाला पुन्हा भिंतीपाशी उभे केले. माप ३० इंच निघाले. नवी काठी पुढच्या महिन्यात मिळेल. जुनी मुलाला आता चालायची नाही, पण चिरेत गोंद भरून, नवी पट्टी ठोकून, मूठ चार इंच कापली तर धाकटीला दोन वर्षे सहज जाईल, असे ते म्हणाले. मुलींच्या खेळाला कॅमोगी म्हणतात, काठी तीच. धाकटी कबूल आहे. निळी टेप मात्र तिला नको आहे, काळी-पिवळी हवी आहे.